एका आण्याचा डास

आमच्या गावच्या घराच्या भिंतीवर, दाराच्या उजव्या अंगाला, एक चौकट आखलेली होती. तिच्यात तारखा लिहिलेल्या असत. दर पंधरवड्याला खाकी पिशवी खांद्याला लावून एक गृहस्थ सायकलवरून यायचे आणि ओसरीवरून विचारायचे, ''घरात कुणाला ताप?'' कुणाला ताप असेल तर बोटाला सुई टोचून रक्ताचा एक थेंब काचेच्या पट्टीवर घ्यायचे, कडूजहर गोळ्या हातावर ठेवायचे, त्या आपल्यासमोर गिळायला लावायचे आणि जाताना चौकटीत तारीख टाकायचे. आम्ही मुलं त्यांना 'मलेरियावाले' म्हणायचो. ते दिसले की सगळी पोरं बोटं मुठीत लपवून पळत सुटायची.

आज मलेरियाविषयी बोलायचं ठरवलं तेव्हा मला आधी ती चौकटच आठवली. मी डॉक्टर नाही. कविता लिहिणारा माणूस आहे. पण या आजाराचा इतिहास वाचताना लक्षात आलं, की त्याचं कोडं सोडवणारा माणूसही कविता लिहीत होता आणि ते कोडं सुटलं ते आपल्या शेजारच्या सिकंदराबादेत.

आधी नावाविषयी. 'मलेरिया' हा इटालियन भाषेतून आलेला शब्द. 'माल' म्हणजे वाईट आणि 'आरिया' म्हणजे हवा. दलदलीतून उठणाऱ्या दूषित हवेनं हा ताप येतो, असं युरोपात शेकडो वर्षं मानलं जाई. आपल्याकडे आयुर्वेदानं त्याला विषमज्वरात घातलं आणि एक दिवस सोडून येणारा तो तृतीयक, दोन दिवस सोडून येणारा तो चतुर्थक, असे भेद केले. मराठीतला 'हिवताप' हा शब्द तर फारच नेमका. आधी हीव भरतं, दोन-तीन गोधड्या घातल्या तरी दात वाजत राहतात. मग अंग भट्टीसारखं तापतं. शेवटी दरदरून घाम फुटतो, ताप उतरतो आणि माणूस चिपाडासारखा होऊन पडतो. ज्यानं हा शब्द केला, त्यानं तो ताप भोगलेला असला पाहिजे.

गंमत अशी, की रोगाचं कारण कळण्याच्या कितीतरी आधी माणसाला त्याचं औषध सापडलं होतं. दक्षिण अमेरिकेतल्या सिंकोना झाडाची साल सतराव्या शतकात युरोपात पोचली. १८२० मध्ये पेल्तिए आणि काव्हेंतू या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी त्या सालीतून क्विनीन वेगळं काढलं. १८६० नंतर इंग्रजांनी निलगिरीत आणि दार्जिलिंगच्या डोंगरात सिंकोनाचे मळे लावले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये पोस्टाच्या कचेरीत एका पैशाला क्विनीनची पुडी मिळू लागली. पुडी होती, पण ताप येतो कुठून, हे ना पुडी विकणाऱ्याला ठाऊक होतं, ना घेणाऱ्याला.

पहिला धागा सापडला अल्जीरियात. अल्फोन्स लाव्हरां हे फ्रेंच लष्करी डॉक्टर तिथल्या कॉन्स्टंटीन गावी काम करत होते. ६ नोव्हेंबर १८८० रोजी एका आजारी सैनिकाच्या रक्तात त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली हलणारा जीव दिसला. हवा नव्हे, पाणी नव्हे, तर रक्तातला परजीवी! बऱ्याच वर्षांनी, १९०७ मध्ये, लाव्हरांना नोबेल मिळालं. पण हा परजीवी एका माणसाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जातो कसा, हा प्रश्न उरलाच.

इथं रोनाल्ड रॉस येतात. जन्म १३ मे १८५७, अल्मोड्याचा. वडील इंग्रजांच्या हिंदुस्थानी फौजेत अधिकारी. मुलाला कवी, नाटककार, संगीतकार व्हायचं होतं; वडिलांच्या आग्रहानं तो डॉक्टर झाला आणि १८८१ मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये आला. १८९४ मध्ये रजेवर लंडनला असताना पॅट्रिक मॅन्सन यांनी त्यांना मलेरियाचा परजीवी दाखवला आणि डासांवर संशय असल्याचं सांगितलं. मॅन्सन यांची कल्पना अर्धी बरोबर, अर्धी चूक होती. डास माणसाचं रक्त पितो, पाण्यात मरतो आणि ते पाणी प्यायल्यानं ताप येतो, असं त्यांना वाटे.

रॉस सिकंदराबादला परतले आणि कामाला लागले. १८९५ मध्ये त्यांनी डास मेलेलं पाणी काही माणसांना प्यायला दिलं. त्यांत लछमन नावाचा एक डोलीवाहक होता. त्याला थोडा तापही आला, पण तो मलेरिया ठरला नाही. पुढची दोन वर्षं रॉस एकामागून एक डास चिरत राहिले. उन्हाळ्याचे दिवस. पंखा ओढायला सांगावा तर चिरलेले डास उडून जातात, म्हणून पंखा बंद. कपाळाच्या आणि हातांच्या घामानं सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले, भिंग तडकलं. एवढं करून हाती काहीच लागेना, कारण ते चुकीच्या जातीचे डास तपासत होते.

ऑगस्ट १८९७ मध्ये त्यांना तपकिरी रंगाच्या, पंखांवर ठिपके असलेल्या डासांच्या अळ्या मिळाल्या. हेच अ‍ॅनॉफिलीस. त्या अळ्यांपासून डास वाढवले. आता हवा होता मलेरियाचा रुग्ण, जो या डासांना आपलं रक्त पिऊ देईल. १६ ऑगस्टला असा रुग्ण मच्छरदाणीत झोपला आणि डास आत सोडले गेले. त्याला ठरलेला मोबदला होता, चावलेल्या प्रत्येक डासामागे एक आणा. त्या रुग्णाचं नाव हुसेन खान.

चार दिवसांनी, २० ऑगस्टला, त्यांतलाच एक डास चिरला असता त्याच्या पोटाच्या भिंतीत रॉस यांना वेगळ्याच गोल पेशी दिसल्या. त्यांत मलेरियाच्या परजीवीत असतात तसलेच काळसर कण होते. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डासात त्या पेशी आणखी मोठ्या झालेल्या. म्हणजे माणसाच्या रक्तातला परजीवी डासाच्या पोटात वाढत होता. आज जग २० ऑगस्ट हा दिवस 'जागतिक डास दिन' म्हणून पाळतं, तो यासाठी.

त्या दिवसांत रॉस यांनी एक कविता लिहिली. पुढे कोलकात्यात त्यांचं स्मारक उभं राहिलं, तेव्हा तिच्या ओळी तिथं कोरल्या गेल्या. मी ती कविता वाचली आहे. तिच्यात देवाचे आभार आहेत, लाखोंचा जीव घेणारा मृत्यू आहे. हुसेन खान नाहीत. कवितेत सगळ्यांची नावं यावीत असा काही नियम नाही, मी स्वतःही तो पाळत नाही. आणि हेही सांगायला हवं, की हुसेन खान हे नाव आपल्याला कळलं ते रॉस यांनीच लिहून ठेवलं म्हणून. तरी वाटतं, अंगात ताप असताना मच्छरदाणीत निजून आण्याआण्यानं डास मोजणारा तो माणूस या शोधाच्या निम्म्या वाटेवर उभा आहे. माझ्या नात्यागोत्यातल्या कितीतरी माणसांचं नाव हुसेन आहे, म्हणूनही असेल. पण हा इतिहास वाचताना माझं बोट त्या नावापाशी थांबतं.

शोध अजून पुरा झाला नव्हता. सरकारनं रॉस यांची बदली केली. आधी मुंबई, मग राजपुतान्यातलं खेरवाडा, जिथं मलेरियाचा रुग्ण मिळणं मुश्कील. १८९८ च्या आरंभी ते कलकत्त्याला पोचले. तिथं प्लेगची दहशत होती. टोचून घेण्याच्या नावानंच लोक पळत. बोटातून रक्ताचा थेंब द्यायला कुणी तयार होईना. मग रॉस पक्ष्यांच्या मलेरियाकडे वळले. चिमण्या पकडायच्या, पिंजऱ्यात ठेवायच्या, डास पाळायचे, अशा कामात त्यांचे मदतनीस होते महंमद बक्ष. त्या काळातलं एक छायाचित्र आहे. प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर रॉस, त्यांच्या पत्नी, महंमद बक्ष, इतर मदतनीस आणि पक्ष्यांचे पिंजरे. जुलै १८९८ मध्ये परजीवी डासाच्या लाळग्रंथींत सापडला. डास चावला, की लाळेबरोबर तो निरोगी चिमणीच्या रक्तात उतरतो, हे सिद्ध झालं. त्याच वर्षी इटलीत जोव्हानी बात्तिस्ता ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या मलेरियाचं संपूर्ण चक्र अ‍ॅनॉफिलीस डासात दाखवून दिलं. श्रेय कुणाचं यावरून दोघांत कडाक्याचं भांडण जुंपलं. १९०२ चं नोबेल एकट्या रॉस यांना मिळालं.

आज आपल्याला ठाऊक आहे ते थोडक्यात असं. अ‍ॅनॉफिलीसची मादीच रक्त पिते, कारण तिला अंडी घालायची असतात. ती चावते संध्याकाळपासून पहाटेपर्यंत. तिच्या लाळेतून आलेले परजीवी आधी आपल्या यकृतात मुक्काम करतात, तिथं वाढतात आणि मग रक्तातल्या तांबड्या पेशींत शिरतात. त्या पेशी ठरावीक काळानं फुटतात, आपल्याकडच्या मुख्य प्रकारांत साधारण ४८ तासांनी. फुटल्या की हीव भरतं. जुन्या वैद्यांनी मोजलेली एक दिवसाआडची पाळी ती हीच. आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार आढळतात, व्हायव्हॅक्स आणि फाल्सिपेरम. व्हायव्हॅक्सचे काही परजीवी यकृतात झोपून राहतात आणि काही महिन्यांनी पुन्हा उठतात. फाल्सिपेरम मेंदूपर्यंत जाऊन जीव घेऊ शकतो.

डास कुठं वाढतो हे कळल्यावर लढाई घराघरात आली. आपल्या मुंबईचंच उदाहरण घ्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरात मलेरिया फार माजला. डॉ. बेंटली यांनी पाहणी करून १९११ मध्ये अहवाल दिला. शहरातला मुख्य गुन्हेगार होता अ‍ॅनॉफिलीस स्टीफेन्सी आणि तो वाढत होता विहिरींच्या स्वच्छ पाण्यात. गटारात नव्हे, विहिरीत! महापालिकेनं विहिरी बुजवायला, बंद करायला सुरुवात केली आणि लोक खवळले. पारशी समाजात विहिरीचं पाणी पवित्र. हिंदूंच्या कितीतरी विहिरींना देवतेचं अधिष्ठान. सूर्यप्रकाश न लागलेलं पाणी पूजेला चालत नाही, अशीही श्रद्धा. मग जाळीची झाकणं, उघडता येणारी दारं अशा तडजोडी निघाल्या. तेव्हा महापालिकेत असलेले आणि पुढे मुंबईचे आयुक्त झालेले रुस्तम मसानी यांनी या अनुभवातून १९१८ मध्ये विहिरींच्या लोककथांवर एक पुस्तकच लिहिलं. आरोग्य खात्याच्या कामातून लोककथांचं पुस्तक निघावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. लोकांना मूर्ख ठरवण्याऐवजी त्यांनी ते विहिरीकडे कसं पाहतात हे समजून घेतलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आलं. १९४६ च्या सुमारास मुंबई प्रांतातल्या धारवाड आणि कानडा जिल्ह्यांत डॉ. विश्वनाथन यांच्या देखरेखीखाली घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारण्याचे प्रयोग झाले. यामागचा विचार साधा होता. रक्त पिऊन जड झालेली मादी जवळच्या भिंतीवर विसावते. भिंतीवर औषध असेल तर ती तिथंच मरते. पाणी शोधत हिंडायला नको, भिंत गाठली की पुरे. १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होत असे आणि आठ लाख माणसं दगावत, असा अंदाज होता. १९५८ मध्ये 'नियंत्रण' हा शब्द जाऊन 'निर्मूलन' आला. १९६५ पर्यंत रुग्णांची संख्या एक लाखाच्या आसपास उतरली. मलेरिया संपला, असं लोक बोलू लागले.

आणि तिथंच घात झाला. डीडीटीचा पुरवठा अपुरा पडू लागला. डासांना औषधाची सवय झाली. रक्ताच्या पट्ट्या तपासायला वेळ लागू लागला. शहरांकडे पुरेसं लक्ष गेलंच नव्हतं. सगळ्यात मोठं म्हणजे भीती गेली. श्रीलंकेत हेच घडलं होतं. १९६३ मध्ये तिथं अवघे १७ रुग्ण उरले होते, फवारणी थांबली आणि १९६८-६९ पर्यंत आकडा पाच लाखांवर गेला. आपल्याकडे १९७६ मध्ये चौसष्ट लाखांहून अधिक रुग्णांची नोंद झाली.

त्या चौसष्ट लाखांत एक आमच्या घरातली होती.

मी सहा वर्षांचा होतो. मराठवाड्यातलं आमचं गाव, मातीचं घर. त्या पावसाळ्यात फवारणीवाले आले होते. अब्बांनी भांडीकुंडी अंगणात काढून घर मोकळं करून दिलं. भिंतींवर पांढुरके डाग उमटले, घरभर उग्र वास भरला. त्या साली रमजान ईद सप्टेंबरच्या अखेरीस आली. ईदीच्या आधी घर पोतारायचं, ही आमच्याकडची रीत. तुमच्याकडे दिवाळीच्या आधी असते तशीच. दादीनं आणि अम्मीनं पांढऱ्या मातीनं सगळ्या भिंती पोतारल्या. डाग गेले, वास गेला. त्या मातीखाली औषधही गाडलं गेलं, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. कुणी ते आम्हाला समजावून सांगितलंही नव्हतं.

माझी फुफी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. ईद झाली आणि ती हीव भरून पडली. दादीनं दर्ग्यावरून तावीज आणून दंडाला बांधला. तिसऱ्या पाळीनंतर अब्बांनी बैलगाडी जुंपली आणि तिला तालुक्याला नेलं. फुफी वाचली. बाळ वाचलं नाही. गरोदर बाईला मलेरिया झाला तर तिला आणि पोटातल्या जिवाला किती धोका असतो, हे मला पुढे कित्येक वर्षांनी वाचायला मिळालं.

पोतारल्यामुळंच हे झालं, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. डास शेजारच्या घरातला असू शकतो, औषधाला न जुमानणाराही असू शकतो. पण फवारणी झालेल्या भिंती सणावाराला सारवल्या-पोतारल्या जाणं हे या मोहिमेच्या अपयशाचं एक जागोजागी दिसलेलं कारण आहे. मुंबईत विहिरीवरून जो प्रश्न उभा राहिला, तोच आमच्या भिंतीवर होता. फरक इतकाच, की मुंबईत कुणीतरी लोकांशी बोललं.

त्यानंतर १९७७ मध्ये कार्यक्रमाची नव्यानं आखणी झाली. चीनमध्ये तू यूयू या बाईंनी एका प्राचीन वैद्यक ग्रंथातल्या उल्लेखावरून १९७२ मध्ये आर्टेमिसिनिन शोधलं होतं. आज फाल्सिपेरमवरचा मुख्य भरवसा त्याच्या मिश्र औषधांवर आहे. त्यांना २०१५ चं नोबेल मिळालं. मलेरियावरच्या दोन लसींना जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ आणि २०२३ मध्ये मान्यता दिली. त्यांतली दुसरी ऑक्सफर्डनं विकसित केली आणि ती आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते. ती आफ्रिकेतल्या लहान मुलांना दिली जाते. आपल्या नेहमीच्या लसीकरणात तिचा समावेश नाही. श्रीलंका २०१६ मध्ये आणि चीन २०२१ मध्ये मलेरियामुक्त जाहीर झाले. भारतात २०१५ साली साडेअकरा लाखांवर रुग्ण होते, ते २०२३ मध्ये सव्वादोन लाखांच्या घरात आले. २०३० पर्यंत निर्मूलनाचं लक्ष्य आहे. पण गडचिरोलीच्या जंगलात आणि मुंबईच्या इमारतींच्या टाक्यांत तो अजून ठाण मांडून आहे. जगात आजही दरवर्षी सुमारे सहा लाख माणसं मलेरियानं मरतात आणि त्यांत बहुतेक आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुलं असतात.

म्हणून चार साध्या गोष्टी. थंडी वाजून ताप आला तर अंदाजानं गोळी घेऊ नका. त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. प्रकार कळल्यावर डॉक्टर देतील ते औषध पूर्ण घ्या. व्हायव्हॅक्समध्ये यकृतात लपलेल्या परजीवीसाठी चौदा दिवसांच्या गोळ्या असतात. तिसऱ्या दिवशी ताप गेला म्हणून त्या सोडल्या, की तो परत येतो. या गोळ्या गरोदर बायांना आणि तान्ह्या मुलांना चालत नाहीत, तेव्हा डॉक्टरांना आधी सांगा. रात्री मच्छरदाणी लावा. आठवड्यातून एक दिवस घरातलं साठवणीचं पाणी ओतून भांडी कोरडी करा. अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर लागतो, तेवढ्यात त्याची साखळी तुटते. गच्चीवरच्या टाकीला घट्ट झाकण हवं. आणि फवारणी झालेली भिंत काही महिने तरी पोतारू नका, रंगवू नका.

हे भाषण लिहायच्या आधी मी फुफीकडे गेलो होतो. आता ती ऐंशीकडे झुकली आहे. तिला हुसेन खानांची गोष्ट सांगितली, मग भिंतीची. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ''बेटा, त्या पोतारण्याची माती तर मीच कालवून दिली होती. जड काम नको म्हणून अम्मीनं तेवढंच दिलं होतं मला. तेव्हा हे कुणी सांगितलं असतं, तर मी दादीच्या पाया पडून भिंत तशीच ठेवली असती.''

मी तिला म्हटलं, आता मी सांगणार आहे, रेडिओवर. तिनं विचारलं, ''किती लोक ऐकतील?'' मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, ''एका घरानं ऐकलं तरी सांग.''

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)